जुन्या बुलेटचा पुढचा ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढे ड्रम ब्रेक असलेली जुनी बुलेट ज्यांच्याकडे आहे आणि तिला डिस्क बसवण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. उदाहरणे बुलेट ३५० ची आहेत, कारण हे काम मी स्वतः तिच्यावर करून घेतले आहे. इतर गाड्यांबद्दल जेवढे लागू पडते तेवढे शेवटाकडे सांगितले आहे.

पुढचा ब्रेक लागतच नाही. डिस्क बसवणे हाच उपाय आहे का?

बहुतेक वेळा नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न पहिला घेतला आहे. ज्या गाडीचा ड्रम ब्रेक "मुळातच वाईट" असे म्हणून काढला जातो, त्या गाडीत तो ब्रेक कित्येक वर्षांत नीट जुळवलेलाच नसतो. आधी तो त्याच्या मूळ ताकदीला आणावा, महिनाभर गाडी चालवावी आणि मगच डिस्कचा निर्णय घ्यावा.

बुलेटच्या पुढच्या चाकात ७ इंची ड्रम असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याचा एक शू (ड्रमला आतून घासणारा अर्धगोल तुकडा) लीडिंग, म्हणजे चाकाच्या फिरण्याने ड्रमवर ओढला जाणारा, आणि दुसरा ट्रेलिंग, म्हणजे ड्रमपासून ढकलला जाणारा असे, तर नंतरच्या गाड्यांत दोन्ही शू लीडिंग आले. ब्रेक प्लेटच्या बाहेर दोन आर्म आणि त्यांना जोडणारी एक बारीक सळई दिसत असेल, तर तुमची गाडी दुसऱ्या प्रकारची आहे. या ब्रेकचे सगळे यश त्या सळईच्या लांबीवर अवलंबून असते. लांबी चुकली की एकच शू ड्रमला टेकतो, दुसरा नुसता आत बसून राहतो आणि चालकाला अर्धाच ब्रेक मिळतो.

ती जुळवण्यासाठी सळईचे एक टोक सोडवून घ्यावे. पहिला आर्म हाताने फिरवून त्याचा शू ड्रमला नुसता टेकेल तिथे धरावा, दुसरा आर्मही तसाच टेकेपर्यंत फिरवावा आणि या स्थितीत सळई कसलीही ओढाताण न होता पिनवर बसेल इतकीच तिची लांबी करावी. दोन माणसे असली तर हे काम सोपे जाते. त्यानंतर ब्रेक पूर्ण दाबलेला असताना केबल आणि आर्म यांच्यात जवळपास काटकोन होतो का ते पाहावे. आर्म काटकोनाच्या पुढे गेला असेल तर लिव्हरवर कितीही जोर लावला तरी त्यातला बराचसा वाया जातो, आणि याचा अर्थ लायनर (शूवरचे घर्षणाचे अस्तर) संपत आले आहेत किंवा आर्म स्प्लाइनवर (दातेरी दांड्यावर) चुकीच्या दाताला बसवला आहे.

नवे शू टाकल्यावर लायनरवर खडूने रेघा ओढाव्यात, चाक बसवून हलका ब्रेक लावत चार फेऱ्या फिरवावे आणि पुन्हा उघडून पाहावे. खडू जिथे पुसला गेला तेवढाच लायनर ड्रमला टेकतो. तो भाग मधल्या दोन बोटांएवढाच निघाला तर उंचवटे पॉलिश पेपरने घासून उतरवावेत. ड्रम अंडाकृती झाला असेल तर लिव्हर हातात हलक्या ठोक्यांनी मागेपुढे होत राहते. अशा वेळी आऱ्यांसह चाक लेथवर चढवून ड्रम आतून कातून घ्यावा लागतो. केबल मात्र न विचारता नवी टाकावी.

इतके करूनही ब्रेक अपुरा वाटला, तर पुढचे प्रश्न तुमच्यासाठी आहेत.

मग डिस्कने नेमका काय फरक पडतो?

सर्वांत मोठा फरक थांबण्याच्या अंतरात नसून, ब्रेक दरवेळी सारखाच लागण्यात आहे. लीडिंग शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर ओढला जातो आणि आपोआप अधिक घट्ट बसतो. कमी जोरात जास्त ब्रेक मिळतो तो याच गुणामुळे, आणि त्याची अडचणही याच गुणातून येते. लायनर जरासा ओलसर झाला, तापला किंवा रात्रभरच्या दमटपणाने ड्रमवर गंजाची झाक आली, की घर्षणातला छोटासा बदल कित्येक पटीने वाढून चालकाच्या हाती येतो. सकाळी पहिल्याच ब्रेकला चाक धरून बसणारी आणि दुपारी घाट उतरताना लिव्हर मुठीपर्यंत येऊ देणारी गाडी एकच असू शकते. डिस्कमध्ये असा स्वतःहून ओढून घेण्याचा प्रकार नसल्यामुळे जेवढे दाबाल तेवढेच मिळते.

उष्णतेचा हिशेबही वेगळा आहे. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या (तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या गुटक्यांच्या) दिशेने येते, शिवाय ती उघड्या हवेत असल्याने लवकर थंड होते. वरंध किंवा आंबोली उतरताना हा फरक हाताला कळतो.

पावसाचा अनुभव स्वतःचा सांगतो. एका जुलैत ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो. रस्त्यावरून आडव्या वाहणाऱ्या पाण्यातून चाक गेले आणि त्यापुढच्या वळणावर पहिल्या दोन दाबांना पुढचा ब्रेक लागलाच नाही. तिसऱ्या दाबाला तो अचानक लागला. मधले ते दोन क्षण मी अजून विसरलेलो नाही. ड्रममध्ये शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. ओल्या डिस्कवरही पहिल्या दाबाला किंचित उशीर होतो, पण पॅड तिच्यावरचे पाणी पुसून काढतात आणि पकड लगेच परत येते.

अंतराबद्दल एक साधा हिशेब देतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करत असेल, तर ती सुमारे २८ मीटरमध्ये थांबते. हाच दर ७ असेल तर सुमारे २० मीटर पुरतात. ताशी ८० ला हे आकडे सुमारे ४९ आणि ३५ होतात. मात्र ७ चा दर फक्त डिस्कमुळे मिळत नाही, त्यासाठी टायरही तेवढी पकड देणारा हवा. बाजूवर कोरलेला चार आकड्यांचा उत्पादनाचा संकेत पाहावा. "३२१४" म्हणजे २०१४ सालचा ३२ वा आठवडा. इतक्या जुन्या, कडक झालेल्या टायरला डिस्क लावली तर गाडी लवकर थांबण्याऐवजी पुढचे चाक लवकर घसरेल. डिस्कचे पैसे जमवताना पहिला खर्च टायरवर करावा असे मी आग्रहाने सांगतो.

नक्की कोणकोणते भाग लागतात?

"डिस्क बसवणे" या शब्दांनी एकच वस्तू बसवायची असल्याचा समज होतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. प्रत्यक्षात चाकाच्या मधोमधचा हब, त्यावरची डिस्क, हबला जुळणारे आरे, एक्सल आणि त्याचे स्पेसर, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) अडकवण्याचे कान असलेला फोर्क बॉटम (फोर्कच्या पाइपखालचा भाग), कॅलिपर, होज (ऑइलची नळी), हँडलवरचा मास्टर सिलिंडर (ऑइलला दाब देणारा) लिव्हरसकट आणि ब्रेक लाइटचा स्विच असा सगळा संच एकमेकांना जुळावा लागतो. यांतली एक वस्तू इकडची आणि दुसरी तिकडची अशी गोळा केली की प्रत्येक जोडणीला काहीतरी घासावे, कापावे किंवा वेल्ड करावे लागते.

बुलेटवाल्यांचे भाग्य असे की, रॉयल एनफिल्ड कंपनीनेच पुढे इलेक्ट्रासारख्या मॉडेलना २८० मिलिमीटरची डिस्क आणि दोन पिस्टनचा फ्लोटिंग (सरकता) कॅलिपर दिला. त्यामुळे शहाणपणाचा मार्ग एकच : अशा एकाच मॉडेलचा संपूर्ण पुढचा संच घ्यावा, शक्य असेल तर चाकासकट. फोर्कचे पाइप जुनेच ठेवून नुसते बॉटम बदलायचे असतील तर पाइपचा व्यास, बुश आणि सील व्हर्नियरने मोजून मगच पैसे द्यावेत. दिसायला सारखे असलेले दोन बॉटम बसायलाही सारखे असतात असे नाही.

जुनी रिम वापरायची असेल तर रिमला आणि नव्या हबला आऱ्यांची भोके सारखीच आहेत का ते मोजावे, आणि नव्या हबच्या मापाचे आरे घ्यावेत. ड्रमच्या हबचे आरे डिस्कच्या हबला लांबीत जुळत नाहीत. चाक विणून झाल्यावर त्याचा आउट (वाकडेपणा) काढताना रिम फोर्कच्या बरोबर मध्यावर येते का हे आवर्जून पाहायला सांगावे. केवळ चाक सरळ फिरणे पुरेसे नाही.

फोर्क न बदलता, जुन्या बॉटमला पट्टी वेल्ड करून कॅलिपर लावता येईल का? गॅरेजवाले तसेच सुचवतात.

कृपया असे करू नका. या पानावरचे दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे राहावे.

कॅलिपर धरून ठेवणाऱ्या त्या पट्टीवर किती जोर येतो याचा अंदाज फार थोड्या लोकांना असतो. गाडी आणि चालक मिळून २५० किलो धरले आणि जोरदार ब्रेक लावला, तर रस्त्यावर पुढच्या टायरपाशी साधारण ११०० न्यूटनचा रोध तयार होतो. टायरची त्रिज्या सुमारे ३२.५ सेंटिमीटर आहे, पण कॅलिपर डिस्कला मध्यापासून १२ सेंटिमीटरच्या आसपास पकडतो. तरफेच्या नियमाने तिथला जोर जवळजवळ पावणेतीन पट होतो, म्हणजे सुमारे ३००० न्यूटन. सोप्या भाषेत, प्रत्येक जोरदार ब्रेकला त्या पट्टीला ३०० किलो वजन टांगले जाते आणि लगेच काढले जाते. दिवसातून पन्नास वेळा, वर्षानुवर्षे. पट्टी तुटली तर कॅलिपर डिस्कबरोबर फिरून आऱ्यांत अडकतो आणि चाक जागच्या जागी थांबते.

बॉटम ॲल्युमिनियमचा असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू नरम पडतो. वरून वेल्ड कितीही गुळगुळीत दिसला तरी त्याच्या कडेची जागा दुबळी झालेली असते.

माझ्या गाडीचे पहिले काम असेच झाले होते. चांगले नाव असलेल्या एका गॅरेजने मला खात्री देऊन पट्टी वेल्ड केली, वर चंदेरी रंग मारला, आणि गाडी खरोखर छान थांबू लागली. सहा महिन्यांनी चाक धुताना त्या रंगावर एक काळसर रेघ दिसली. केस चिकटला असेल म्हणून बोटाने पुसली, ती गेली नाही. बॅटरीच्या उजेडात नीट पाहिले तेव्हा वेल्डच्या कडेने नखभर लांबीची चीर होती आणि लिव्हर दाबली की ती अगदी किंचित उघडत होती. त्याच दिवशी गाडी उभी केली आणि कंपनीचे बॉटम मिळेपर्यंत दोन महिने हलवली नाही.

मास्टर सिलिंडर कोणताही चालतो का?

चालत नाही. कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर ही जोडी आहे. मास्टरच्या पिस्टनच्या क्षेत्रफळाच्या किती पट कॅलिपरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ आहे, त्यावर लिव्हरचा मऊपणा आणि ताकद ठरते. समजा कॅलिपरला ३० मिलिमीटरचे दोन पिस्टन आहेत. मास्टरचा पिस्टन १२.७ मिलिमीटरचा असेल तर हे प्रमाण सुमारे ११ पट येते; तोच १५.९ मिलिमीटरचा, म्हणजे दोन डिस्कच्या मोठ्या गाडीला साजेसा घेतला, तर ते ७ पटीवर उतरते. अशी लिव्हर दगडासारखी घट्ट लागते, लोकांना वाटते "काय कडक ब्रेक आहे", आणि प्रत्यक्षात गाडी थांबवायला जवळपास दीडपट जोर लावावा लागतो. उलट फार छोटा मास्टर लावला तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत आत येते. पिस्टनचे माप बहुधा मास्टरच्या अंगावर ओतीव आकड्यात लिहिलेले असते.

होज ज्याने जोडतात त्या पोकळ बँजो बोल्टचे आटेही पाहावेत. १० मिलिमीटरच्या बोल्टला १.० आणि १.२५ मिलिमीटर अंतराचे असे दोन आटे प्रचलित आहेत. चुकीचा बोल्ट दोन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि जोर लावला की मास्टरचे आटे कायमचे जातात. तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर दरवेळी नवे टाकावेत.

दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा कॅलिपर स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

ताकदीच्या दृष्टीने आपल्याकडच्या कॅलिपरमध्ये कमतरता नाही. बायब्रे हे नाव अनेक भारतीय गाड्यांच्या कॅलिपरवर दिसते, तो ब्रेम्बो या इटालियन ब्रेक कंपनीचाच छोट्या-मध्यम गाड्यांसाठीचा ब्रँड आहे. एन्ड्युरन्स ही तर छत्रपती संभाजीनगरची कंपनी. प्रश्न जुळणीचा आहे. परक्या कॅलिपरसाठी मधली प्लेट बनवावी लागते, आणि ती बनवायची तर योग्य जाडीच्या अखंड प्लेटमधून मशीनवर कापून, बोल्टने बसवलेली हवी. कॅलिपर डिस्कशी समांतर आणि डिस्कच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. ड्रॉइंग वाचणारा आणि मिलिमीटरचा दहावा भाग मानणारा कारागीर तुमच्या ओळखीचा नसेल तर या वाटेला जाऊ नये.

जुन्या बाजारातून घेतलेले भाग सुरक्षित असतात का?

काही असतात, काही नसतात. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मला उत्तम हब मिळाला आहे. हब, एक्सल, स्पेसर हे भाग डोळ्यांनी आणि मापाने पारखता येतात. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो व्हर्नियरने ताडून पाहावा. मात्र वापरलेला होज, वापरलेले पॅड आणि ज्याचे पिस्टन गंजले आहेत असा कॅलिपर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. मास्टर जुना घेतला तर त्याची आतली रबरे नवी टाकावीत. अपघाती गाडीचा फोर्क ओळखण्यासाठी पाइप काचेवर लोळवून पाहावा, वाकलेला पाइप लगेच डुलतो. आणि बिल मागावे. बिल द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडचा माल कुठून आला असेल याचा विचार आपणच करायचा.

ब्रेक ऑइल कोणते वापरावे?

मास्टरच्या झाकणावर लिहिलेले असते तेच. बहुतेक वेळा ते डॉट ३ किंवा डॉट ४ असते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि पुरेसे ओलावल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. लांब घाटात ऑइल उकळले की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर रिकामी जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे; कोकणात राहणाऱ्यांनी त्याआधीच बदलले तर उत्तम. बाटली एकदा उघडली की उरलेले वर्षभर कपाटात जपून ठेवण्यात अर्थ नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळेच ऑइल आहे, ते यात कधीही मिसळू नये.

हे ऑइल रंग खाते. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी पट्ट्यांवर एक थेंब पडला तरी डाग राहतो, त्यामुळे काम सुरू करण्याआधी टाकीवर ओले फडके अंथरावे आणि थेंब पडलाच तर पुसत न बसता लगेच पाणी ओतावे.

एअर (ऑइलमधली हवा) काढूनही लिव्हर मऊच राहते. काय चुकते?

नव्या, पूर्ण कोरड्या यंत्रणेत पहिल्यांदा ऑइल भरताना हे नेहमी होते. कॅलिपरचा निप्पल (हवा बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) सर्वांत वरच्या बाजूला आहे का ते आधी पाहावे. तो खाली असेल तर कॅलिपर चुकीच्या बाजूचा आहे आणि एअर कधीच निघणार नाही. लिव्हर सावकाश दाबावी, निप्पल पाव फेरा उघडावा, बुडबुडे येऊ द्यावेत, निप्पल बंद करावा आणि मगच लिव्हर सोडावी. घाईघाईने पंप केल्यास हवेचा फेस होतो आणि तो निघायला दुप्पट वेळ लागतो. होजवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके टिचकावत राहावे. मास्टरमधले ऑइल तळाला जाऊ देऊ नये, नाहीतर सगळे पहिल्यापासून.

तरीही मऊपणा राहिला तर हँडल असे वळवावे की मास्टर सर्वांत उंच राहील, लिव्हर दाबून मुठीला रबराने बांधावी आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. बारीक बुडबुडे वर चढतात आणि सकाळी लिव्हर सोडली की मास्टरवरच्या ऑइलच्या टाकीत निघून जातात. ही जुन्या मेकॅनिकांची युक्ती आहे आणि ती खरोखर लागू पडते.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी काय पाहावे?

इंजिन सुरू करण्याआधी लिव्हर पूर्ण ताकदीने दाबून मिनिटभर धरावी आणि प्रत्येक जोडणीवर टिशू पेपर टेकवून ओल येते का पाहावे. हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून आणि पुढचे चाक अधांतरी करून होज कुठे ताणला जात नाही ना, टायरला घासत नाही ना, याची खात्री करावी. पॅड नवे असतात तेव्हा पकड कमी असते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावत, मध्ये डिस्क थंड होऊ देत, दहा-पंधरा वेळा हे करावे. पूर्ण थांबून लिव्हर दाबून ठेवू नये.

पहिल्या आठवड्यात ब्रेक लावताना हँडलमध्ये "टक" असा धक्का जाणवला तर बहुधा कोन सेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग) ढिला आहे. तो दोष आधीपासूनच असतो, नव्या ब्रेकच्या ताकदीने तो फक्त उघड होतो. फोर्कच्या सीलमधून गळणारे तेलही तसेच. पूर्वी ते बॉटमवर ओघळून थांबत असे, आता ते डिस्कवर उडेल. म्हणून सील या कामातच बदलून टाकावेत.

स्पीडोमीटर आणि ब्रेक लाइटचे काय?

मीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल तर नव्या हबला जुळणारा मीटर ड्राइव्ह हवा आणि त्याचे दात मूळच्याइतकेच हवेत, नाहीतर वेग चुकीचा दिसेल. मास्टरखालच्या स्विचच्या दोन तारा मागच्या ब्रेकच्या स्विचला समांतर जोडाव्यात. फक्त पुढचा ब्रेक लावला तरी मागचा दिवा पेटलाच पाहिजे.

मागेही डिस्क लावावी का?

गरज नाही. जोरात ब्रेक लावला की वजन पुढे सरकते आणि मागच्या चाकाच्या वाट्याला थोडेच काम उरते. मागचा ६ इंची ड्रम नीट जुळवलेला असेल तर पुरतो. दोन्ही शू लीडिंग असलेला पुढचा ड्रम गाडी चढावर मागे घसरताना नीट धरत नाही; डिस्क दोन्ही दिशांना सारखीच धरते, त्यामुळे घाटाच्या चढावर वाहतूक अडली तरी तुमची चिंता कमीच होईल.

एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बसवता येईल का?

घरगुती पातळीवर नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. जुन्या गाड्यांवर ही सक्ती नाही. चाकांचे सेन्सर, मॉड्युलेटर आणि त्या गाडीसाठीच जुळवलेली प्रणाली असे ते एकत्र काम करते, आणि नुसते सुटे भाग आणून ते होत नाही. बाजारात "एबीएस" म्हणून मिळणारी होजमधली छोटी पितळी डबी एबीएस नसते. त्यामुळे डिस्क बसवल्यावर पुढचे चाक लॉक होणार नाही याची जबाबदारी तुमच्या बोटांवर राहते. दोन बोटांनी, आधी हलके आणि मग वाढवत दाबण्याचा सराव मोकळ्या मैदानात करावा.

हे कायदेशीर आहे का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. ब्रेकचा प्रकार प्रमाणपत्रावर वेगळा छापलेला नसतो हे खरे, पण त्यावरून आपली सोयीची समजूत करून घेऊ नये. माझा सल्ला असा की, काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओकडे लेखी अर्ज देऊन विचारावे, कंपनीच्याच मॉडेलचे भाग वापरावेत, सगळी बिले फाइलमध्ये ठेवावीत आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. तेव्हा वेल्ड केलेली पट्टी आणि कंपनीचा पूर्ण संच यांतला फरक निरीक्षकाला लगेच दिसतो.

राजदूत ३५०, आरएक्स १०० किंवा स्प्लेंडरबद्दल काय सांगाल?

राजदूत ३५० ची गोष्ट हळहळ वाटायला लावणारी आहे. यामाहाच्या ज्या आरडी ३५० वरून ती आली, तिला परदेशात पुढे डिस्क होती. आपल्याकडे एस्कॉर्ट्सने ती ७ इंची ड्रमसह दिली. इतक्या वेगवान गाडीला तो ब्रेक तोकडा पडे, म्हणून तिला डिस्क बसवण्याची इच्छा मला पूर्ण समजते. पण आज धडधाकट राजदूत इतक्या थोड्या उरल्या आहेत की, मूळ बॉटमला हातही न लावता पूर्ण वेगळा फोर्क बसवणे आणि मूळचा जपून ठेवणे एवढेच मी मान्य करीन.

आरएक्स १०० वजनाला अगदी हलकी आहे, तिचा ड्रम नीट राखला तर शहरात पुरतो. १००-१२५ सीसीच्या गाड्यांत त्याच मॉडेलची डिस्कची आवृत्ती निघालेली असेल तर तिचा संच घ्यावा. निघालेली नसेल तर तो खर्च चांगल्या टायरवर करावा.

काढलेल्या जुन्या भागांचे काय करावे?

एकही भाग विकू नये. हब, ब्रेक प्लेट, बॉटम, लिव्हर, केबल, अगदी ती जोडसळईसुद्धा, सगळे रॉकेलने धुऊन, तेलाचा हात फिरवून, तेलकट कागदात गुंडाळून एका पेटीत ठेवावे आणि प्रत्येक पुडीवर नाव लिहावे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना व्हिंटेज म्हणून नोंदवण्याची तरतूद २०२१ पासून आहे, आणि तिथे गाडी मूळ रूपात असणे मोलाचे ठरते. माझी पेटी पलंगाखाली आहे. एका सकाळी सुरुवात केली तर संध्याकाळपर्यंत गाडी पुन्हा पहिल्यासारखी उभी करता येईल, इतके सगळे त्यात आहे.